अंगाने बारीक, तरी शुगर!

‘आमच्या खानदानात कोणी लठ्ठ नाही, मग ही शुगर आली कुठून?’ वर्धा जिल्ह्यातल्या मोहल्ल्यांत हा सवाल आम्ही नेहमी ऐकतो. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच सवालाच्या शोधात हयात घातली.

ऑक्सफर्डला मधुमेहाच्या संशोधनाचे धडे घेऊन ते परतले आणि के.ई.एम. रुग्णालय हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. परदेशी पुस्तकांतला मधुमेही उतारवयाचा, जाडजूड. यांच्यासमोर येणारे मात्र बरेचसे तरुण आणि किरकोळ बांध्याचे. असे का? इंग्लंडचे डॉ. डेव्हिड बार्कर म्हणत होते, की या आजाराचे बीज आईच्या पोटातच पडते. मग १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत दोन हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची, गर्भ राहण्याच्या आधीपासून, पाहणी सुरू झाली. जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. गंमत अशी, की आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पण चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती!

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचेच उदाहरण दिले. ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन, दोघांच्या उंची-वजनाचा निर्देशांक २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्यावर विसंबणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

ज्या आया पालेभाज्या, फळे, दूध अधिक घेत, त्यांची बाळे अंगाने भरलेली निघाली. सुमारे दोन तृतीयांश आयांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ते दूध, अंडी, मांस, मासळी यांतून मिळते. आपल्या घरात गोश्त शिजते, म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण दस्तरखानावर सर्वांत शेवटी बसणाऱ्या सुनेच्या वाट्याला बोट्या किती आणि रस्सा किती, हे सासूबाईंनी एकदा पाहावे. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन गोळीनेही ब-१२ घटू शकते. ती घेणाऱ्यांनी डॉक्टरांना तपासणीबद्दल विचारावे, गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

त्या खेड्यांतली बाळे मोठी झाली. २०१२ पासून त्यांच्यातल्याच किशोरवयीन मुलामुलींना ब-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. पुढे त्या मुलींची लग्ने झाली, आणि आता त्यांच्या बाळांचीही मापे घेतली गेली आहेत.