न दिसणाऱ्या तळाचे मापन: न्यू हॅम्पशायरमधील सागरी नकाशाशास्त्राचे शिक्षण

समुद्रतळाचे सर्वेक्षण करणाऱ्याला ज्या भूमीचा नकाशा काढायचा ती भूमी बहुधा कधीच दिसत नाही, आणि म्हणूनच या व्यवसायाच्या शिक्षणात मोजण्याच्या कौशल्याइतकेच मोजमापावर योग्य तेवढाच विश्वास ठेवण्याच्या विवेकाला महत्त्व येते. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर विद्यापीठात, डरहॅम येथे, ‘नोआ’ या संघराज्य शासनाच्या सागरी व वातावरणविषयक संस्थेच्या सहकार्याने १९९९ मध्ये स्थापन झालेले संयुक्त जलसर्वेक्षण केंद्र हा विवेक पद्धतशीरपणे शिकवते.

या विद्येचे मुख्य साधन म्हणजे जहाजाच्या तळाशी बसवलेला मल्टिबीम सोनार. तो पंख्यासारख्या पसरलेल्या अनेक ध्वनिशलाकांनी एकाच वेळी तळाचा रुंद पट्टा मोजतो, आणि प्रतिध्वनी परतण्यास लागलेल्या वेळावरून खोली काढली जाते. मात्र समुद्रात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असला, तरी तापमान, क्षारता आणि दाब यांनुसार तो बदलतो व त्यामुळे तिरप्या शलाका वाकतात; शिवाय लाटांवर जहाज डोलते, वरखाली होते, आणि भरती-ओहोटीने पाण्याची पातळीही बदलत राहते. एका खोलीच्या आकड्यामागे इतक्या दुरुस्त्या असल्याने विद्यार्थ्याला ध्वनिशास्त्र, भूगणित (पृथ्वीचा आकार व त्यावरील स्थाने ठरवण्याचे शास्त्र), सागरविज्ञान आणि सागरी भूविज्ञान हे सर्व विषय शिकावे लागतात. एकाच पट्ट्यावरून उलटसुलट दिशांनी जहाज नेऊन उपकरणाच्या बसवणुकीतील सूक्ष्म कल शोधण्याची चाचणी तर त्याला प्रत्यक्ष समुद्रावरच आत्मसात करावी लागते. याच केंद्रातील ब्रायन काल्डर यांनी विकसित केलेली ‘क्यूब’ ही संगणकीय पद्धत खोलीच्या अंदाजासोबत त्यातील अनिश्चिततेचे प्रमाणही देते. खडकाळ तळावरून जाणाऱ्या जहाजाच्या सुरक्षिततेसाठी हे प्रमाण खोलीइतकेच मोलाचे ठरते.

मोनॅकोचे प्रिन्स पहिले आल्बेर यांच्या पुढाकाराने १९०३ मध्ये सुरू झालेल्या ‘जेब्को’ या जागतिक सागरखोली-नकाशा प्रकल्पाने जपानच्या निप्पॉन फाउंडेशनच्या साहाय्याने २००४ पासून याच केंद्रात एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवला आहे. विविध देशांतून निवडलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांसाठीच तो असल्यामुळे शिक्षकाचे लक्ष प्रत्येकापर्यंत पोहोचते, आणि शिक्षण संपवून ते आपापल्या देशांत परतले तरी परस्परांशी जोडलेले राहतात. या नात्याचे सामर्थ्य २०१९ मध्ये दिसून आले, जेव्हा माजी विद्यार्थ्यांच्या संघाने मानवरहित नौका आणि स्वयंचलित पाणबुडी यांच्या जोडीने खोल समुद्राचे मापन करून शेल ओशन डिस्कव्हरी एक्सप्राइझ स्पर्धेचे ४० लाख डॉलरचे प्रथम पारितोषिक जिंकले.

सागरतळाचा संपूर्ण नकाशा २०३० पर्यंत पूर्ण करण्याचे ध्येय ‘सीबेड २०३०’ प्रकल्पाने २०१७ मध्ये स्वीकारले, तेव्हा आधुनिक साधनांनी मोजलेला भाग सुमारे सहा टक्के होता. पुढे तो एक चतुर्थांशाच्या वर गेला. उरलेला विस्तार पाहता जहाजे आणि उपकरणे यांच्याइतकीच प्रशिक्षित माणसांची निकड आहे, आणि ती एकाच देशाने भागवण्यासारखी नाही. भारतात गोव्यातील राष्ट्रीय जलसर्वेक्षण संस्था नौदलाच्या तसेच मित्रदेशांच्या सर्वेक्षकांना आंतरराष्ट्रीय मान्यतेचे प्रशिक्षण देते, ते याच गरजेतून. सुरक्षित नौकानयन, त्सुनामीचे पूर्वानुमान आणि समुद्राखालील केबलींचे मार्ग हे सारे तळाच्या खऱ्या आकारावर अवलंबून असल्यामुळे, आपल्या आकड्याची मर्यादा नकाशावर प्रामाणिकपणे नोंदवणारा सर्वेक्षक घडवणे हेच अशा संस्थांचे सर्वांत मोठे सार्वजनिक कार्य आहे.