नाण्यावरचा हिरा

नाणे हाती पडताच मूल विचारते, “वर्षाच्या आकड्याखाली ही खूण कसली?” जन्मभर रोकड मोजणाऱ्या कारकुनाला हा प्रश्न सहसा सुचत नाही. हिऱ्याची खूण असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीतले, चांदणी असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे! उत्तर एवढेसेच, पण त्यामुळे खिशातल्या चिल्लरीला एकाएकी गाव लाभते.

कुतूहलाची वाट अशीच पुढे जाते. रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर गव्हर्नर धारकास रक्कम देण्याचे वचन देतात. एक रुपयाच्या नोटेवर मात्र वचन नाही, सहीदेखील अर्थसचिवांची. कारण ती नोट भारत सरकारची, आणि २०११ च्या नाणेविषयक कायद्यानुसार तिची गणना नाण्यातच होते. जी स्वतःच रुपया आहे, तिने रुपया देण्याचे वचन कोणाला द्यावे? चलनव्यवस्थेचे अर्धे मर्म या एका प्रश्नात सामावले आहे.

आपल्या वर्गांत मात्र “हे परीक्षेला नाही” या एका वाक्याने असे प्रश्न मिटविले जातात. मग पैशाची चार कार्ये बिनचूक लिहिणारा पदवीधर तयार होतो. हातातली नोट त्याने कधी वाचलेली नसते. विद्येवर होणाऱ्या खर्चाचा हिशेब अंदाजपत्रकात सापडतो. विझलेल्या कुतूहलाची तूट मात्र कोणत्याच खतावणीत नोंदली जात नाही. ती फेडावी लागते पुढच्या पिढीला.