जुना गिलावा: झाकावा की काढावा?

दिवाळी तोंडावर आली की गवंडी आणि रंगारी दोघांनाही उसंत नसते. बाहेरच्या भिंतींवर पावसाळ्याचे शेवाळ असते, पोपडे सुटलेले असतात आणि घरी पाहुणे यायचे असतात. अशा वेळी घरमालकाला गोड वाटणारा सल्ला एकच, 'वरून एक हात मारून टाकू, भिंत नवी दिसेल.' भिंत नवी दिसतेही, पण बरेचदा पुढच्या पावसापर्यंतच. मग नवा थर जुन्याला घेऊन खाली येतो. खाली अंगणात मुले खेळत असली, तर प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही.

म्हणून आधी भिंत वाजवून पाहा. हातोडीच्या दांड्याने हातहातभर अंतरावर हलकेच ठोका. टणक आवाज आला तर गिलाव्याने भिंत घट्ट धरली आहे. पोकळ, बद्द आवाज आला तर तो आतून सुटला आहे. अशा जागांभोवती खडूने रेघ ओढा. खिडकीखाली, छज्जाच्या कडेला, सांडपाण्याच्या नळालगत आणि जोत्याजवळ त्या हटकून सापडतात. रेघा थोड्याच असतील तर तेवढाच भाग पक्क्या कडेपर्यंत कापून भरून घ्यावा. अर्धी भिंत खडूने भरली, तर मात्र ठिगळे लावण्यात अर्थ नाही. सगळा गिलावा उतरवलेलाच बरा. पोकळ गिलाव्यावर शोभेच्या टाइल्स बसवणे तर सरळसरळ धोक्याचे, कारण वजन वाढते आणि पकड तीच राहते.

भिंत पक्की असेल तर झाकायला हरकत नाही. पण तारेच्या ब्रशने शेवाळ आणि जुन्या सफेदीचे थर खरवडलेच पाहिजेत, नाहीतर नवा रंग त्या भुकटीवर बसतो. ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक पेंटवर सिमेंट पेंट धरत नाही, हेही रंगारी आपणहून सांगेलच असे नाही.

आजोबांच्या काळातल्या घराची गोष्ट वेगळी. पुण्याचे, बडोद्याचे किंवा ग्वाल्हेरचे वाडे, लखनौची पातळ लाखोरी विटांची घरे, कोकण-गोव्यातली जांभ्याची घरे यांच्या भिंती बहुधा चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या असतात. अशी भिंत जमिनीतून ओल ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती उन्हात सोडून देते. तिच्यावर सिमेंटचा कडक थर चढवला की ओल आत कोंडते. बाहेरून भिंत छान दिसते, पण आतल्या खोलीत लोणा फुटतो, विटा भुसभुशीत होतात, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो. घरमालक मात्र वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतो! अशा घरांना चुन्याचाच गिलावा हवा. ऐतिहासिक वास्तूंच्या दुरुस्तीत आजही चुना भिजवून, त्यात गूळ, बेलफळ असे जिन्नस घालून वापरतात. चुन्याचा जाणकार गवंडी शोधावा लागतो आणि काम सावकाश चालते, एवढी तयारी ठेवावी.

सिमेंट-काँक्रीटच्या घरात खांबाच्या रेषेत सरळ तडा आणि तांबूस डाग दिसला, तर आतली सळई गंजली आहे असे समजावे. तिथे गवंड्याआधी इंजिनिअरला बोलवावे.

गिलावा वरून खाली उतरवतात. खालची जागा दोरी लावून अडवावी, भिंतीवर पाणी शिंपडून धूळ बसवावी, कामगारांनी नाकातोंडाला फडके बांधावे. वीट उघडी पडली की सांधे सुमारे 10 मिलिमीटर खरवडून भिंत भिजवावी. विटा आणि काँक्रीट मिळतात तिथे तारेची जाळी ठोकून घ्यावी, कारण तडा तिथेच जातो. बाहेरून दोन थर देतात, पहिला सुमारे 12 आणि दुसरा 8 मिलिमीटरचा. एक भाग सिमेंटला चार भाग चाळलेली वाळू पुरते. जास्त सिमेंटने भिंत मजबूत होते हा गैरसमज आहे, उलट बारीक तडे जातात.

दर ठरवताना परांची कोणाची, राडारोडा कोण उचलणार आणि खिडक्या-दारांचे माप वजा होणार की नाही, हे कागदावर लिहून घ्यावे. भांडणे याच तीन गोष्टींवरून होतात. आणखी एक, किमान सात दिवस सकाळ-संध्याकाळ भिंतीवर पाणी मारायचे असते. गवंडी तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कामावर गेलेला असतो, तेव्हा पाइप कोण धरणार, हे घरातच आधी ठरवावे.