उंच छताच्या हॉलमध्ये होम थिएटर करताय? स्पीकरच्या आधी छताचा हिशेब करा

मुंबईच्या उपनगरांत बहुतेकांच्या डोक्यावरचं छत नऊ-साडेनऊ फुटांवर असतं. इथल्या बांधकाम नियमांप्रमाणे राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट लागते, आणि बिल्डर सहसा त्याच्या फार वर जात नाहीत. यूट्यूबवरचे होम थिएटरचे सल्ले, दुकानातला डेमो, साउंडबारच्या खोक्यावरचं चित्र, हे सगळं साधारण अशाच खोल्या धरून केलेलं असतं.

पण टॉवरमधलं डबल हाइट हॉलचं डुप्लेक्स, मुलुंड-बोरिवलीकडचा एखादा जुना बंगला किंवा उतरत्या छपराखालचा वरचा मजला असेल, तर हे सल्ले जसेच्या तसे चालत नाहीत. माझ्या मामाने मुलुंडला असंच डुप्लेक्स घेतलंय. हॉल १८ फूट लांब, १४ फूट रुंद आणि छतही १८ फुटांवर. टीव्ही आधीपासून होता, आवाजासाठी एक लाख बाजूला काढले होते आणि त्यातला बराचसा भाग एका ॲटमॉस साउंडबारवर जाणार होता. मामाने विचारलं, "घेऊ का?" मी म्हटलं, आधी हॉल मोजूया. त्या मोजमापातून जे निघालं, तेच इथे सांगतो.

छत उंच झालं की नक्की काय बदलतं?

रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवली की आवाज रेंगाळतो. या रेंगाळण्याला 'रिव्हर्ब' म्हणतात. आवाज ६० डेसिबलने खाली यायला जितका वेळ लागतो, तो रिव्हर्बचा वेळ. वेळ जास्त असेल तर एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर चढते. आवाज मोठा येतो, पण "काय म्हणाला तो?" असं विचारावं लागतं.

याचं गणित वॉलेस सबीन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने मांडलं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काहीच कळेना, म्हणून त्याला कामाला लावलं होतं. तो रात्री शेजारच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून हॉलमध्ये ठेवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात:

रिव्हर्बचा वेळ (सेकंद) = ०.१६१ × खोलीचं घनफळ (घनमीटर) ÷ एकूण शोषण

शोषण म्हणजे खोलीतल्या वस्तू किती आवाज गिळतात ते. टाइल्स, प्लास्टर, काच जेमतेम दोन-तीन टक्के गिळतात. जाड पडदा, गादीचा सोफा, गालिचा बऱ्यापैकी गिळतात.

आता मामाचा हॉल या सूत्रात टाकू. छत नऊ फुटांवर असतं, तर घनफळ सुमारे ६५ घनमीटर. उघड्या भिंती, छत, लादी यांचं शोषण ३ आणि सोफा, साधे पडदे, माणसं यांचं १२ धरलं, तर एकूण १५. रिव्हर्ब ०.७ सेकंद. सिनेमासाठी चालण्यासारखा.

छत १८ फुटांवर नेलं की घनफळ दुप्पट, १३० घनमीटर. सामान मात्र तेवढंच. वाढल्या त्या फक्त कडक भिंती, म्हणून शोषण १५ वरून जेमतेम साडेसोळा होतं. रिव्हर्ब सव्वा सेकंदाच्या वर जातो. सोफा तोच, टीव्ही तोच, तरी संवाद गढूळ! हवा दुप्पट झाली, पण आवाज गिळणारं काहीच वाढलं नाही, हे सगळ्याचं मूळ आहे.

ॲटमॉस साउंडबार इथे का अडतो?

डॉल्बी ॲटमॉस २०१२ मध्ये पिक्सारच्या 'ब्रेव्ह' या सिनेमाबरोबर थिएटरांत आलं आणि २०१४ पासून घरांत. त्यात आवाज डोक्यावरूनही येतो. घरी छताला भोकं पाडायला नकोत म्हणून बऱ्याच साउंडबारमध्ये वर तोंड केलेले स्पीकर असतात. ते आवाज छतावर मारतात आणि तो आपटून आपल्यापर्यंत येतो. कॅरमच्या सोंगटीसारखं.

यासाठी छत सपाट आणि जवळ लागतं. डॉल्बीच्या शिफारशीनुसार साडेसात ते बारा फूट उत्तम आणि फार तर चौदा फुटांपर्यंत चालतं. मामाचं छत १८ फूट.

फरक किती पडतो? टीव्हीपासून सोफा १० फुटांवर असेल, तर नऊ फुटी छतावरून आपटून येणारा आवाज साधारण १६ फूट फिरतो. १८ फुटी छतावरून तोच ३२ फूट फिरतो. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, आणि इतक्या लांबून येताना पसरतोही. हेलिकॉप्टर डोक्यावरून जाण्याऐवजी सगळीकडेच घरघरतं. छत उतरतं असेल, तर आवाज भलत्याच दिशेला जातो. लाकडी पट्ट्यांचं किंवा कापडाचं फॉल्स सीलिंग असेल, तर तिथेच बराचसा विखुरतो किंवा जिरतो.

म्हणजे साउंडबार वाईट नाही. पण त्याच्या ज्या गुणासाठी जास्तीचे पैसे मोजायचे, तो गुण या खोलीत चालणारच नव्हता.

फोनने करायच्या तीन गोष्टी

१. उंची मोजा. आयफोनमध्ये मेझर ॲप असतं, अँड्रॉइडवरही तशी ॲप्स मिळतात. कॅमेऱ्याने मोजलेली उंची अंदाजाची असते, त्यामुळे शक्य तिथे टेप लावून खात्री करा.

२. टाळी वाजवा. फोन सोफ्यावर ठेवून व्हॉइस रेकॉर्डर सुरू करा आणि टीव्हीजवळ उभं राहून एकच कडक टाळी मारा. रेकॉर्डरमध्ये नॉइज रिडक्शन असेल तर बंद करा, नाहीतर फोन शेपटी स्वतःच कापतो. पडद्यावरच्या लहरीत उंच टोकानंतरची शेपटी किती लांब आहे ते बघा. पडदे लावण्याआधी आणि नंतर, दोन्ही रेकॉर्डिंग ठेवा. आकडा चुकेल, पण फरक स्वच्छ दिसेल.

३. शांत खोलीचा आवाज मोजा. आयफोनवर नायॉशचं साउंड लेव्हल मीटर फुकट मिळतं. घाटकोपरला डोक्यावरून उतरणारी विमानं, अंधेरीला हायवे, रुळांलगतच्या घरांत लोकल. डबल हाइट काचेतून हे सगळं आत येतं. बाहेरचा आवाज जितका जास्त, तितका व्हॉल्यूम वाढवावा लागतो. खिडकीच्या फटींना रबरी पट्टी लावणं हा त्यातला स्वस्त इलाज.

आधी कापड, मग स्पीकर

मामाच्या हॉलला एका बाजूला उंच काच आहे. तिला दहा फूट रुंद, वरपासून खालपर्यंत, भरपूर चुण्यांचा जाड मखमली पडदा लावला, तर क्षेत्रफळ साडेसोळा चौरस मीटर होतं. असा पडदा बोलण्याच्या पट्टीतला निम्म्याहून जास्त आवाज गिळतो, म्हणजे शोषणात नऊची भर. सोफ्यासमोर सहा बाय नऊ फुटांचा जाड गालिचा, खाली फेल्ट, म्हणजे आणखी दोन-तीन. दोन बाय चार फुटांचे सहा रॉकवूल पॅनेल, कापडात गुंडाळलेले, म्हणजे चार. बेरीज सुमारे पंधरा.

आता सूत्रात टाका: शोषण साडेसोळावरून साडेएकतीसवर आणि रिव्हर्ब सव्वा सेकंदावरून ०.६६ वर. नऊ फुटी हॉलपेक्षाही किंचित बरा!

काही गोष्टी लक्षात ठेवा:

- पॅनेल फक्त टीव्हीच्या आजूबाजूला नकोत. उंच खोलीत डोक्यावरच्या दोन समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा फिरतो. निम्मे पॅनेल तिथे, नऊ-दहा फुटांवर लावा.
- बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल, तर पॅनेल चिकटवू नका. मागे दोन इंच जागा सोडा. बुरशी टळते आणि खालच्या पट्टीतला आवाजही जास्त गिळला जातो.
- अंड्यांचे ट्रे लावू नका. ते आवाज फारसा गिळत नाहीत आणि पटकन पेट घेतात. पातळ फोमही फक्त वरची पट्टी खातो, संवाद बोदा वाटायला लागतो.
- पॅनेल सुतार आणि पडदेवाला मिळून करू शकतात. 'ॲकॉस्टिक' नावाखाली महाग माल घ्यायलाच हवा असं नाही.

आणि हो, ॲपवर होणारं 'रूम करेक्शन' या सगळ्याला पर्याय नाही. ते स्पीकरमधून निघणारा आवाज कमी-जास्त करतं. भिंतींवर आपटत राहिलेला आवाज ते परत बोलावू शकत नाही.

स्पीकर कोणते आणि कुठे?

उंच खोलीत पहिला मान मधल्या स्पीकरला द्या. संवाद बहुतेक तिथूनच येतात. सात-आठ छोट्या स्पीकरपेक्षा समोर तीन चांगले आणि एक सबवूफर, म्हणजे ३.१, जास्त उपयोगी. मागचे स्पीकर पुढच्या दिवाळीला घेता येतात. सोफा दहाऐवजी आठ फुटांवर आणला, तर थेट आवाज साधारण दोन डेसिबलने वाढतो. फुकटात!

डोक्यावरचा आवाज हवाच असेल, तर छताचा नाद सोडा. छोटे स्पीकर भिंतींवर नऊ-दहा फुटांवर, सोफ्याकडे झुकवून लावा. बसलेल्या माणसाने साधारण ४५ अंश वर बघितल्यावर ते दिसले पाहिजेत. डुप्लेक्समध्ये वरच्या गॅलरीच्या खालचं छत आठ-नऊ फुटांवर असतं. टीव्ही आणि सोफा दोन्ही त्या छताखाली बसत असतील, तर तिथे वर तोंडाचा साउंडबारही नीट चालेल.

सबवूफरची एक गंमत बघा. मामाच्या हॉलची लांबी आणि उंची दोन्ही १८ फूट. त्या अंतरात ३१ हर्ट्झच्या आसपासचा बास घुमतो, आणि दोन बाजू सारख्या म्हणून दोन्हीकडून एकाच पट्टीवर. उपाय सोपा आहे. सबवूफर तात्पुरता सोफ्यावर ठेवा, बासचं गाणं लावा आणि खाली वाकून हॉलभर फिरा. जिथे बास एकसारखा ऐकू येईल, तिथे त्याची कायमची जागा.

स्क्रीन उंच भिंतीवर, पण उंचावर नाही

मोठी भिंत दिसली की टीव्ही वर टांगायचा मोह होतो. बसल्यावर डोळे साडेतीन फुटांवर असतात. दहा फुटांवरून बघताना टीव्हीचा मध्य सहा फुटांच्या वर गेला की मान दुखणार. आकारासाठी साधा हिशेब: ५५ इंचीला साडेसात फूट, ६५ इंचीला नऊ फूट, १०० इंचीला साडेतेरा फूट अंतर.

प्रोजेक्टर १८ फुटी छताला टांगायचा तर लांब पाइप लागतो आणि पंख्याच्या वाऱ्याने चित्र हलतं. पंखाच वाटेत आला तर विषयच संपला. मागच्या भिंतीवर फळी करा किंवा भिंतीजवळ ठेवायचा अल्ट्रा शॉर्ट थ्रो घ्या. वरच्या काचेतून येणारा उजेड मात्र आधी अडवा. तोच मखमली पडदा दुसऱ्यांदा कामी येतो.

वरची बेडरूम आणि शेजारचे काका

एक गैरसमज नेहमी दिसतो. पॅनेल लावले म्हणजे खोली साउंडप्रूफ होत नाही. पॅनेल आतला घुमारा कमी करतात. बास स्लॅबमधून खालच्या घरात आणि उघड्या गॅलरीतून वरच्या बेडरूममध्ये जातोच. सबवूफरखाली जाड रबरी पॅड ठेवा आणि रात्री रिसीव्हरचा नाइट मोड लावा. त्यात स्फोट दबतात आणि बोलणं वर येतं.

कायदाही माहीत असू दे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. खाजगी साउंड सिस्टीमचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेच्या ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. आवाज नीट ऐकू आला की व्हॉल्यूम आपोआप कमी लागतो, हा शेजाऱ्यांचाही फायदा.

पैसे कुठल्या क्रमाने?

१. पडदा, गालिचा, खिडकीच्या फटी
२. पॅनेल
३. समोरचे तीन स्पीकर आणि रिसीव्हर
४. सबवूफर
५. मागचे आणि वरचे स्पीकर

मामाने हाच क्रम धरला. साउंडबार घेतला नाही. पहिल्या दोन पायऱ्यांनंतर टीव्हीचे स्वतःचे स्पीकरच इतके स्वच्छ वाटायला लागले की मामी म्हणाली, आता बाकीचं सावकाश घ्या. तिने बातम्यांना लावलेली सबटायटल्स बंद केली.

दुकानात जाताना दोन गोष्टी करा. छताची उंची सांगा आणि घरी ऐकून परत करता येईल का ते विचारा. डेमोला स्फोटांचा सीन लावू देऊ नका. दोन माणसं हळू बोलतायत असा मराठी सिनेमातला प्रसंग लावायला सांगा आणि डोळे मिटून प्रत्येक शब्द कळतो का ते बघा.