आत्मिक वाढ ओट्याजवळ कळते

  

आजची सुरुवात माझ्याच एका फजितीपासून करतो. मोबाईलमधल्या बायबल ॲपवर माझी नव्वद दिवसांची स्ट्रीक झाली होती. रोज सकाळी न चुकता अध्याय वाचायचा, प्रार्थना करायची. त्या दिवशी आईने आतून हाक मारली, "अरे, दूध ठेवलंय गॅसवर, जरा बघ." आणि मी डोळे मिटलेले असतानाच खेकसलो, "आई, प्रार्थना करतोय ना मी! कळत नाही का?"

दूध उतू गेलं. आई काही बोलली नाही. फडकं घेऊन मुकाट्याने ओटा पुसत राहिली. माझी स्ट्रीक मात्र एक्क्याण्णव झाली.

त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. नव्वद दिवसांत मी नक्की वाढलो कुठे? आजचा विषय हाच आहे: रोजच्या जगण्यातली आत्मिक वाढ.

आधी ही वाढ ओळखायची कशी ते बघू. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याच्या फळाबद्दल लिहिलंय. त्यात प्रीती आहे, सहनशीलता आहे, सौम्यता आहे, स्वतःवरचा ताबा आहे. आता गंमत बघा. यातल्या बहुतेक गोष्टी खोलीचं दार लावून एकट्याने तपासताच येत नाहीत. आपण सहनशील आहोत की नाही, हे कळायला समोर कोणीतरी आपला अंत बघणारं लागतं! सौम्यता कळते ती भूक लागलेली असताना, लोकल चुकल्यावर, लहान भावाने चार्जर पळवल्यावर. म्हणजे आई मला प्रार्थनेतून उठवत नव्हती. प्रार्थनेतून काय उगवलंय ते दिसायची वेळ आली होती, आणि मी नापास झालो.

आता एक जुनी गोष्ट. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये निकोला नावाचा एक सैनिक होता. लढाईत जखमी झाला, कायमचा लंगडा झाला. पुढे पॅरिसमधल्या कार्मेलाईट मठात गेला. तिथे तो ब्रदर लॉरेन्स म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याला काम मिळालं स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकाचा तर त्याला मनापासून कंटाळा! तरी अनेक वर्षं तो तेच करत राहिला. काम करता करता देवाशी बोलायचं, एवढाच त्याचा नेम. भांड्यांच्या आवाजातली प्रार्थना आणि चॅपलमधली प्रार्थना यांत त्याने फरक ठेवला नाही. १६९१ साली तो वारला. त्यानंतर त्याची पत्रं आणि संभाषणं एकत्र करून छापली गेली, आणि ती आजही जगभर वाचली जातात.

पण ऐकायला जितकं सोपं वाटतं तितकं ते नव्हतं. पहिली दहा वर्षं आपल्याला फार जड गेली, असं तो स्वतःच सांगतो. देवाचा विसर पडला, की तो स्वतःला झोडपत बसायचा नाही. चूक कबूल करायची आणि पुन्हा देवाकडे वळायचं. बस. आपण इथेच अडकतो. एक दिवस प्रार्थना चुकली की वाटतं, गेलं सगळं, आता पुढच्या महिन्यापासून बघू. पण वाढ म्हणजे कधीच न चुकणं नाही. चुकल्यावर लवकर परत येणं, ही वाढ.

दुसरी गोष्ट आपल्या मातीतली. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळं-ओवळं कडक पाळणाऱ्या. त्यांच्यावर तर आभाळच कोसळलं. काही काळ त्या वेगळ्या राहिल्या. पुढे टिळकांकडे परतल्या, तरी स्वतःचं अन्नपाणी त्यांनी सांभाळूनच ठेवलं. बदल आला तो सावकाश. हे जातिभेद देवाने केले की माणसांनी, असा प्रश्न त्यांना पडला. उत्तर मिळाल्यावर त्यांनी ते नुसतं मनात ठेवलं नाही. कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली, म्हणजे टिळकांनंतर पाच वर्षांनी. हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवलंय. नसेल वाचलं तर जरूर वाचा.

बघा ना, त्यांचा विश्वास कुठे दिसला? पाण्याच्या तांब्यात आणि जेवणाच्या ताटात. समोरच्या माणसाकडे बघण्याची नजर बदलली, तेव्हा.

आता तुम्ही विचाराल, मग काय, बायबल वाचायचं सोडून फक्त भांडी घासायची का? अजिबात नाही! योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो आणि आपल्याला फांद्या. फांदी वेलीपासून तुटली तर फळ येणारच नाही. वचन, प्रार्थना, मंडळीतली उपासना यांनी आपण वेलीला जोडलेले राहतो. पण फांदीने आपण किती दिवस जोडलेलो आहोत ते मोजत बसायचं नसतं. फळ आलं की ते दुसऱ्याच्या तोंडी पडतं.

मग उद्यापासून काय करायचं? तीन साध्या गोष्टी सांगतो.

पहिली, एक रोजचं काम निवडा. डबा भरणं, गाडी पुसणं, बसची वाट बघणं, काहीही. ते करताना मोबाईल खिशात ठेवा आणि देवाशी दोन वाक्यं बोला. साध्या मराठीत, मित्राशी बोलतो तशी.

दुसरी, रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं दिवस मागे फिरवून बघा. आज कुठे देवाची दया दिसली? आज माझ्यामुळे कोणाचा चेहरा पडला? सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोलाने असं आत्मपरीक्षण आपल्या लोकांना शिकवलं, आणि आजही हजारो लोक ते करतात.

तिसरी सगळ्यात अवघड. ज्याचा चेहरा पडला, त्याच्याकडे जा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो, की वेदीपाशी अर्पण आणलंय आणि तिथे आठवलं की भावाचं मन आपल्यामुळे दुखावलंय, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी समेट करा, मग परत या. म्हणजे प्रार्थना मध्येच थांबवून उठायची परवानगी खुद्द प्रभूनेच दिलीय!

मला मात्र उठायला दोन दिवस लागले. आई चहा करत होती. म्हटलं, "आई, त्या दिवशी मी चुकलो." तिने एवढंच विचारलं, "साखर किती घालू?" बाकी तिच्या डोळ्यांत दिसलं.

आता सकाळी दूध मीच तापवतो. तिथेच उभ्या उभ्या प्रार्थना करतो. डोळे मात्र उघडे ठेवून!

तुमच्या घरात कोणाकडे जायचं राहिलंय? हा भाग संपला की लगेच पुढचा लावू नका. आधी तिकडे जाऊन या. प्रभू तुमच्याबरोबर असो. भेटू पुढच्या भागात.