प्राथमिक शाळेंत काव्यरचना

कविता पाठ करावयाची असते, मुलांनीं रचावयाची नसते, अशी समजूत आपल्या शाळांतून रूढ आहे. वस्तुतः महाराष्ट्रांत पुष्कळसें काव्य शाळेबाहेरच वाढलें. बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. घरकाम व शेतकाम करतां करतां त्या ओव्या रचीत. घरच्या मंडळींनीं त्या टिपून ठेविल्या, म्हणूनच १९५२ सालीं त्यांचें पुस्तक निघूं शकलें.

कोल्हापूर संस्थानांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें आणि हातकणंगल्याकडील मुलांना अक्षराची वाट मोकळी झाली. परंतु त्या अक्षरांनीं मूल स्वतःचें कांहीं बोलूं लागलें नाहीं, तर जात्यावरची ओवी गेली आणि तिची जागा रिकामीच राहिली, असें होईल.

यास्तव गुरुजींनीं मुलांस आधीं पाहावयास व ऐकावयास लावावें. हातकणंगले तालुक्यांत इचलकरंजीचे माग आहेत, हुपरीचें चांदीकाम आहे, उसाचे मळे आहेत. मागाचा आवाज कशासारखा, असें विचारतांच मूल नेमका शब्द शोधूं लागतें. टाळीवर ओळ म्हटली कीं तिचा तोल त्याच्या कानालाच कळतो. एक शब्द खोडून दुसरा घालणें, ही भाषेची आणि विचाराची उत्तम तालीम होय.

घरची बोली मात्र गुरुजींनीं खोडूं नये. शुद्धलेखन मागाहून सुधारतां येतें. गप्प झालेलें मूल पुन्हा बोलतें करणें कठीण.

सर्वच मुलें कवि होणार नाहींत. पण एक ओळ जुळवितांना किती शब्द टाकावे लागतात, हें ज्यानें अनुभविलें, तें मूल पाठ्यपुस्तकांतील कविताहि अधिक समजून वाचील.