‘नाही पायलं जी म्या’

धुऱ्याच्या भांडणात घड्याळ कोणी पाहत नाही. “दिवे लागले व्हते, ढोरं घरी आली व्हती,” असं आमच्याकडचा कास्तकार सांगतो. पोलिसांच्या जबाबात त्याचं ‘सायंकाळी ७.०० वाजता’ होतं. दोन-तीन वर्षांनी पेशी लागते. पिंजऱ्यात उभा राहून तो म्हणतो, “साडेसहा असतीन.” आरोपीचे वकील जबाबाचा कागद उंच धरतात: पोलिसांना सात सांगितले, कोर्टाला साडेसहा सांगता, यातलं खरं कोणतं?

बाळापूरच्या कोर्टात मी लघुलेखक होतो. साक्षीदार बोलायचा, साहेब मजकूर सांगायचे, मी उतरवायचो. खुनाचे खटले अकोल्याला सेशनला जातात. आमच्या वाट्याला धुऱ्यावरची मारामारी, विहिरीवरची चोरलेली मोटर, हायवेवरचा अपघात. निवृत्तीनंतर टपरीवर चहा घेताना लोक विचारतात, “चेहऱ्यावरून समजते का जी, कोन खोटं बोलते थे?” नाही समजत. घाम तर खऱ्यालाही फुटतो. ज्यानं जन्मात कोर्टाची पायरी चढली नाही त्याला जास्तच फुटतो. बोलणं खरं की खोटं हे नुसतं पाहून-ऐकून किती जणांना ओळखता येतं, यावरच्या दोनशेहून अधिक अभ्यासांची गोळाबेरीज बाँड आणि डीपॉलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली मांडली. सरासरी निघाली ५४ टक्के. नाणं उडवलं तरी ५० मिळतात.

मग न्यायाधीश पाहतो काय? पहिली गोष्ट, फरक कशात पडला. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही, असा कायदाच आहे. जमादारानं काय ऐकलं आणि कसं लिहिलं, यावर साक्षीदाराचा ताबा नसतो. म्हणून तो जबाब स्वतः पुरावा ठरत नाही. उलटतपासात साक्षीदाराला विसंगती दाखवण्यापुरता तो वापरतात. सात आणि साडेसहा हा फरक त्यामुळे बहुतेक वेळा वाऱ्यावर जातो. १९८३ साली भरवाडा भोगिनभाई खटल्यात सुप्रीम कोर्टानं हे स्पष्टच सांगितलं: साक्षीदाराची स्मरणशक्ती म्हणजे छायाचित्र नव्हे, घटना अचानक घडते, वेळ लोक अंदाजानं सांगतात, आणि बारीकसारीक विसंगतींना अवास्तव महत्त्व देऊ नये. हा निकाल मी इतक्या निकालपत्रांत उतरवला की त्याचं नाव बोटांना पाठ झालं होतं.

पण जबाबात नुसतं ‘भांडण झालं’ असेल आणि कोर्टात त्यात कुऱ्हाड आली, तर गोष्ट वेगळी. कुऱ्हाड माणूस विसरत नाही. महत्त्वाची बाब आधी न सांगणं हीसुद्धा विसंगती ठरू शकते. वकील मंडळी याला ‘सुधारणा’ म्हणतात, आणि ही सुधारणा साक्षीदाराला महाग पडते.

मला स्वतःला धास्ती वाटायची ती गुळगुळीत साक्षीची. चार साक्षीदार, चौघांची वाक्यं एकाच क्रमानं, आरोपी कोणत्या हातानं काठी धरून होता इथपर्यंत सारखी. असं टंकताना वाटायचं, आधीचंच पान पुन्हा घालतोय. उलट एक म्हातारा मला आठवतो, फिर्यादीच्या बाजूनं आलेला. मारताना पाहिलं का, असं विचारल्यावर म्हणाला, “नाही पायलं जी म्या. आवाज आयकला. धावत गेलो तवा थो खाली पडेल व्हता.” सरकारी वकिलांचा चेहरा उतरला. पण जे पाहिलं नाही ते नाही म्हणणाऱ्याचं पुढचं बोलणं वजनदार होतं. त्यानं सांगितलेली पडण्याची जागा पंचनाम्यातल्या रक्ताच्या जागेशी जुळली, आणि उलटतपासात त्याला हलवायला काही उरलं नाही.

नातेवाइकांच्या साक्षीचा प्रश्न गावात हमखास निघतो. भाऊ आहे, तो खोटंच बोलणार! यावरचं गाजलेलं उत्तर नागपूरच्या माणसाचं आहे. न्यायमूर्ती विवियन बोस आधी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते, नंतर सुप्रीम कोर्टात गेले. दलीपसिंग खटल्याच्या १९५३ च्या निकालात त्यांनी लिहिलं की, जवळचा नातेवाईक खऱ्या गुन्हेगाराला सोडून निर्दोष माणसाला सहसा गोवणार नाही. मात्र जुनं वैर असेल तर सावध राहायचं, हेही त्यांनीच सांगितलं. आमच्याकडे धुऱ्याचं वैर आजोबापासून चालत आलेलं असतं, त्यामुळे हे दुसरं वाक्यही तितकंच कामाचं.

साक्षीदार किती, हा तर प्रश्नच नाही. ठरावीक संख्या लागत नाही, असं १८७२ च्या पुरावा कायद्यात होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेच आहे. एकटा असेल पण पूर्ण भरवशाचा असेल, तर तेवढ्यावर शिक्षा होते.

न्यायाधीशाच्या डोक्यात ‘खरी बाई कशी वागली असती’ याचा साचा आधीच तयार असेल, तर काय होतं ते विदर्भानं पाहिलं आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार होती. सेशन कोर्टानं तिला खोटारडी ठरवलं. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं, घाबरून गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हणत शिक्षा दिली. सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली: अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. पुढं १९८३ मध्ये कायदाच बदलला: कोठडीतल्या अशा गुन्ह्यात संबंध सिद्ध झाला आणि बाईनं ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर न्यायालयानं तसंच गृहीत धरायचं.

साक्षीदार बोलताना थबकला, रडला, आरोपीकडे पाहून गप्प झाला, तर त्यावर शेरा लिहिण्याची मुभा न्यायाधीशाला आहे. साहेबांनी तो सांगितला तर कागदावर येतो. नाही सांगितला, तर अपिलात अकोल्याच्या आणि पुढं नागपूरच्या न्यायाधीशांसमोर येतं ते फक्त मी टंकलेलं: ‘साक्षीदार म्हणतो की, त्याने पाहिले नाही.’